बांगड्याच्या जागी काठ्या

हातातला कागद ते तुमच्या डोळ्यांसमोर धरायचे, तुम्ही नीट पाहताय न पाहताय तोच पाठीमागे लपवायचे आणि विचारायचे, "पयलां काय दिसलां?"

विचार करून सांगितलेलं उत्तर त्यांना नको असायचं. "इचार करू नको रे, दिसलां काय ता सांग," म्हणून मागे लागायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो चहा आणून देणाऱ्यालासुद्धा आपलं काम दाखवल्याशिवाय सोडत नाही.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मालवणला बंदराजवळ मासळीच्या नोंदी ठेवणारं आमचं छोटं ऑफिस होतं. मी तिथे नवा कारकून आणि ते ड्राफ्ट्समन. किनाऱ्यावरची माणसं त्यांना 'डासमन' म्हणत. माझ्या वहीतले आकडे त्यांच्या टेबलावर जायचे आणि चित्रं होऊन भिंतीवर लागायची. हिस्से दाखवणाऱ्या वाटोळ्या चित्राला ते 'भाकरी' म्हणत आणि ते काढायला नाखूश असत. "भाकरीचो तुकडो मोठो की ल्हान, ता भूक लागल्यार कळता. डोळ्यांका कळणा नाय," असं त्यांचं म्हणणं. साहेबांना मात्र भाकरीच आवडायची.

त्या वर्षी मुंबईहून एक अधिकारी येणार होते. बर्फाचा कारखाना कुठल्या बंदरात काढायचा ते ठरवायचं होतं. साहेब म्हणाले, "एकच तक्ता करा, पण असा की बघताक्षणी पटलं पाहिजे."

आदल्या वर्षापेक्षा मासळी दुप्पट आली होती. त्यांनी दोन बांगडे काढले, एक आदल्या वर्षीचा, दुसरा त्याच्या दुप्पट लांबीचा. खवल्यांसकट इतके सुरेख की मांजर येऊन हुंगेल. मग नेहमीप्रमाणे तक्ता घेऊन ते ऑफिसच्या पायरीवर गेले. तिथे जनीबाय पाटी उतरवून बसली होती. ती रापणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातली मासळी विकायची.

"पयलां काय दिसलां?"

"डासमनांनू, ह्यो मासो काय समुद्रातलो? ह्येच्या पोटात तसले चार मावतले!"

सगळे हसले. ते हसले नाहीत. आत येऊन त्यांनी चौकटीच्या कागदावर दोन्ही बांगडे उतरवून घेतले आणि चौकोन मोजायला बसले. मोठ्यात लहानाच्या चौपट चौकोन भरले.

"लांबी दुप्पट केलंय, तशी रुंदीय दुप्पट झाली," ते मला म्हणाले. "डोळो लांबी बघणा नाय रे, आखो मासो बघता. मी दुप्पट लिवलंय आणि चौपट दाखवलंय."

साहेबांना त्यांनी हे सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "मग बिघडलं काय? मोठा दिसला तर बर्फ लवकर मिळेल."

तिसऱ्या दिवशी बांगडे गेले आणि त्या जागी सारख्या रुंदीच्या काठ्या आल्या. पण दोनच काठ्या त्यांना ओक्याबोक्या वाटल्या, म्हणून त्यांनी माझ्याकडून जुन्या वह्या मागून घेतल्या आणि दहा वर्षांच्या दहा काठ्या उभ्या केल्या. आदलं वर्ष वाईट गेलं होतं. ती एक काठी बुटकी आणि बाकीच्या जवळपास सारख्याच उंचीच्या.

अधिकारी आले. तक्त्यासमोर क्षणभर उभे राहिले. "म्हणजे मासळी नेहमीइतकीच की," म्हणाले आणि चहा प्यायला वळले. कारखाना दुसऱ्या बंदरात गेला.

किनाऱ्यावर बोभाटा झाला. बांगड्यांचं चित्र पुष्कळांनी पाहिलेलं होतं. "ता चित्र कित्याक काढून टाकलास?" असं लोक त्यांना वाटेत अडवून विचारायचे. सगळ्यांत जास्त बोलली जनीबाय. तिच्याच एका वाक्यावरून ते चित्र गेलं, हे तिला माहीत नव्हतं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी तोंड उघडणार, तर त्यांनी माझा दंड दाबला.

नंतर मला म्हणाले, "दोन वर्सां दाखवलंय तर मासळी वाढली. धा वर्सां दाखवलंय तर वाढूक नाय. दोनय खरां. मगे चुकलंय खंय?"

कधी मला ते देवमाणूस वाटायचे, कधी त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं.

पुढच्या मोसमात रापणीला एकदम इतके बांगडे लागले की मीठ पुरेना. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला वास सुटला. लोकांनी सडलेली मासळी खत म्हणून माडांच्या मुळात घातली. जनीबाय ऑफिसात आली, थेट भिंतीवरच्या दहा काठ्यांसमोर उभी राहिली आणि मासळीचे हात पदराला पुसत म्हणाली, "डासमनांनू, कुजलेलां ह्येच्यात खंय आसा?"

ते काठ्यांकडे पाहत राहिले, जणू त्या दुसऱ्याच कोणी काढल्या होत्या.

"नाय गो," एवढंच म्हणाले. "ता आमी मोजूकच नाय."

त्या दिवसापासून ते सकाळी वही घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागले. टाकलेली मासळी टोपलीने मोजायची की वजनाने, हे त्यांचं ठरेना. लोक नीट सांगत नसत. काहींचा राग अजून गेला नव्हता, काहींना वाटायचं, हा आता आणखी काय घालवणार! जनीबाय मात्र पाटी बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर ढिगाऱ्यांमधून हिंडायची आणि लोकांवर खेकसायची, "सांगा रे त्येका!"

महिनाभरात त्यांची घाटावर बदली झाली. तिथल्या ऑफिसात ते कशाची चित्रं काढणार होते, ते मला कळलं नाही. एकदा पत्र घातलं, त्याला उत्तर आलं नाही.

त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. खणात चौकटीचा एक कागद होता. वर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'फुकट गेलेली मासळी'. खाली बाराही महिन्यांची नावं होती. काठी एकही नव्हती. उभ्या रेघेवरचे आकडे त्यांनी टोपल्यांत लिहून खोडले होते, वजनात लिहून पुन्हा खोडले होते. खोडून खोडून कागद तिथे इतका झिजला होता की खिडकीकडे धरला तर पलीकडचा उजेड दिसत होता.