घोकून आलेले पाच शब्द

नव्वदच्या सुमारास पनवेलच्या एका दवाखान्यात नैराश्याच्या पेशंटना विजेचे शॉक देत. त्यानंतर त्यांची स्मरणशक्ती तपासायचं काम माझं होतं. मोरा बंदरातल्या एका कोळणीला मी, नवरा शेजारी बसलेला असताना, शॉकआधी पाच शब्द सांगितले, तेव्हा तिनं तोंडही उघडलं नव्हतं. उपचार संपल्यावर तेच शब्द तिनं घडाघडा म्हटले. मी हरखले. मग कळलं, बायको नापास होऊ नये म्हणून नवऱ्यानं ते घरी रोज तिच्याकडून घोकून घेतले होते! असली कसली परीक्षा? मी चिडून नवे शब्द दिले. तिला एकही आठवेना. ती नवऱ्यावर कडाडली, "ह्ये शब्द तुमी शिकवलेच नाय!"

कित्येक महिने मुकी बसलेली ती बाई. नवरा खुशीत माझ्याकडे वळला, "बाय, भांडायला नाय इसरली बगा!"