कानबाईपुढचा स्पीकर

आमच्या भाऊबंदकीत काही बिघडलं की मला हाक येते. मी जळगावला कचेरीत नोकरी करते, विजेचं शिक्षण शून्य. पण एकदा आईचा मिक्सर उघडून चालू केला, तेव्हापासून नरडाण्याजवळच्या आमच्या गावी मी पाय ठेवायचा अवकाश, कुणीतरी इस्त्री नाहीतर पंखा पुढे करतं. चहा नंतर.

गेल्या श्रावणात मात्र काम गंभीर होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, चौरंगावर नारळाची देवी मांडतात, भोवती केळीचे खांब उभे करतात आणि बाया तिच्यापुढे गाणी म्हणतात. ही गाणी मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, सांगायची. ती एक ओळ म्हणणार, बाकीच्या तीच ओळ मागून म्हणणार. ओळी सगळ्या तिच्या डोक्यात. बाकीच्यांनी कधी पाठ करायचे कष्ट घेतले नाहीत, कारण मोठी आई होतीच.

त्या उन्हाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण आवाज बसला तो बसलाच. कुजबुजल्यासारखं बोलायची. यंदा देवीपुढे गाणी होणार नाहीत, या एका काळजीनं तिला घेरलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मी सहज मोबाइलवर तिची गाणी भरून घेतली होती. ती लावायची आणि बायांनी मागून म्हणायचं, ही युक्ती तिचीच. तिच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, त्यासाठी नवाकोरा स्पीकर आणला.

रविवारी दुपारी देवी बसली, आरती झाली. मी मोबाइल जोडला आणि स्पीकरमधून जी घरघर सुरू झाली, ती पिठाच्या गिरणीला लाजवेल अशी. त्या गदारोळात मोठ्या आईचा आवाज कुठल्या कुठे गेला.

सल्ले लगेच आले. चुलतभाऊ म्हणाला, आवाज अजून वाढव. आबांनी, म्हणजे मोठ्या काकांनी, गावाच्या विजेच्या डीपीला दोष दिला. आबा दूध नासलं तरी डीपीलाच दोष देतात. मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, जरा जास्तच जोरात. मोबाइल चार्जरवरून काढला, घरघर तशीच. पिन फिरवून बघितली, वायर बदलली, काही फरक नाही. शेवटी मोबाइलची वायर स्पीकरमधून काढूनच टाकली, तरी घरघर चालूच. म्हणजे मोबाइलचा दोष नव्हता आणि रेकॉर्डिंगचाही नव्हता. मला एवढ्यानंसुद्धा बरं वाटलं.

मग लक्षात आलं की घरघर एकसारखी नाहीये. ती थांबत थांबत येतेय, आणि देवीच्या मखरावरच्या लाइटच्या माळा पेटतात नेमकी तेव्हाच येतेय. माळेच्या डबीवरचं बटण दाबलं. लाइट एकसारखे जळायला लागले आणि घरघरही एकसारखी झाली. चोर सापडला होता. माळा आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. माळा विझवून देवीला रात्रभर अंधारात ठेवणं कुणाला चाललं नसतं. स्पीकरची पिन तिथून काढून दुसरीकडे लावली की काम फत्ते.

तो बोर्ड कुठे आहे असं विचारलं, तर सगळे चुलतभावाकडे बघायला लागले. कुणाच्या पायात वायर येऊ नये म्हणून त्यानं बोर्ड चौरंगाखाली सरकवला होता. बोर्डाची पिन ज्या भिंतीत होती, तीही मखराच्या साड्यांमागे गेली होती. आणि वर देवी बसली होती. बसलेली कानबाई सोमवारी विसर्जनालाच उठते, तोवर चौरंगाला कुणी धक्कासुद्धा लावत नाही. बोर्डावर देवी बसवायची आणि मग हात जोडून उभं राहायचं, हे फक्त आमच्या घरातच होऊ शकतं.

मी बाजूनं हात घालायला वाकले, तर खांद्यावर मोठ्या आईचा हात पडला.

"देवी बसनी शे," ती म्हणाली. "आते काही हालवू नको."

मी चिडले. मग गाणी विसर, असंही बोलून गेले. ती माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. माझा राग तिथेच विरघळला. मला ती फार आवडते, हे तिला कधी सांगितलेलं नाही.

मेन स्विच बंद केला. आईनं टॉर्च धरला आणि मी स्पीकरची वायर मधोमध कापली. नव्या वस्तूची गॅरंटी गेली म्हणून चुलतभाऊ कळवळला, त्याला मी टेप आणायला पिटाळलं. चौरंगाखालून आलेल्या टोकाला भरपूर टेप गुंडाळली आणि स्पीकरकडच्या टोकाला जुन्या इस्त्रीची पिन बसवली. स्वयंपाकघर नवीन बांधलेलं, त्याची वायरिंग वेगळी आणि अर्थिंगही पक्की. स्पीकर त्या दाराशी ओढला, पिन तिथे लावली आणि मेन चालू केला. इतकं शांत झालं की आबांना वाटलं, स्पीकर मेला.

संध्याकाळी बाया जमल्या आणि मी गाणं लावलं. मोठ्या आईचा जुना, खणखणीत आवाज घरभर भरला. तिच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. मला भरून आलं.

सगळ्यांचं तसंच झालं असावं, कारण मागून कुणी म्हणेचना. बाया मांडीवर हात ठेवून ऐकत बसल्या. एकीनं डोळे पुसले, एका नव्या सुनेनं मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं. पहिलं गाणं असंच संपलं, दुसरं सुरू झालं. मोठी आई एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. मग ती उठली, दाराशी आली आणि तिनं स्पीकरची पिनच उपटली.

"बठ्ठ्या गप कसाले बसन्यात?" ती सगळ्या जणींना म्हणाली. "मी आजून जित्ती शे."

ती माझ्या आईशेजारी जाऊन बसली. या दोघी जावांचं कधी फारसं जमलं नाही. आईचा सूर धड नाही आणि ती नेहमी मागे पडते, यावरून मोठी आई तिला दरवर्षी टोमणे मारायची. आता तिनं आईला पदर धरून जवळ ओढलं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि ओळ सांगितली. आई बावरली. मग तिनं घसा साफ करून ती ओळ मोठ्यानं म्हटली. सूर नेहमीसारखाच बेताचा होता. पण मागून सगळ्या जणींनी ओळ उचलली, मीसुद्धा.

असं बराच वेळ चाललं. मोठी आई कानात सांगायची, आई म्हणायची, मागून आम्ही. मग एका गाण्यात पुढची ओळ कानात यायच्या आधीच आईनं म्हणून टाकली. मोठी आई जरा मागे सरली आणि त्या बसलेल्या आवाजात, आमच्या सगळ्यांबरोबर, तिनं ती ओळ आईच्या मागून म्हटली.