केशरआक्काची म्हैस दोनदा लिहिली

सिरसाळ्याच्या पेठेत मन्मथप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांची बायको शिवकांता तिशीत अक्षरं शिकली. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत चालायची आणि पोरींना तिथं कुणी धाडत नसे. पण दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मन्मथप्पा तिला पाटीवर बाळबोध गिरवायला बसवत. जोडाक्षरं जमली तशी ती गुळाच्या पुड्यांचे कागद सरळ करून त्यांवर लिहू लागली. काय लिहायचं, हे मात्र सुचेना. 'आज भाकरी केल्या. आज वारा सुटला.' एवढ्यावर शिसपेन अडायची.

शेजारच्या केशरबाईला हे कळलं. म्हातारी कुणब्याची, मोठी हौशी. म्हणाली, "माझी म्हैस हरवली व्हती, ते लिव्ह की!"

दुसऱ्या दिवशी शिवकांतानं वाचून दाखवलं, "केशरआक्काची म्हैस हरवली. मग सापडली."

केशरबाई तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. "अगं, माळ न् माळ पालथा घातला मी! जीव टांगणीला लागलता. अन् तू घोटभर पाण्यावानी उरकलं?"

शिवकांता ओशाळली, पण तिला नवलही वाटलं. लिहिलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं, तरी आक्काला त्यात स्वतःची म्हैस ओळखू आली नाही. असं कावून?

ती केशरबाईच्या ओसरीवर जाऊन बसली. अंबाडीची भाजी निवडता निवडता विचारत सुटली. म्हशीला हाक कशी मारायचात? कुठल्या वाटेनं गेलात? संगं कोण होतं?

"कोन असनार? एकलीच गेलते. लगीन झाल्यापून पहिल्यांदाच एकली. लई फिरले अन् बाभळीखाली टेकले. तर खाली वगळीत, वढ्याच्या घळीत, म्हैस चरताना दिसली."

"मग पळत गेलात?"

"न्हाई. बसले जराशी."

"कावून, आक्का?"

केशरबाई उठली. भाजीची टोपली उचलून आत गेली.

शिवकांता भाकरी थापायची तेव्हा मनानं त्या बाभळीखाली जाऊन बसायची. मागं घर, समोर मोकळा माळ, हाक मारायला कुणी नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर तिनं लिहिलं, 'म्हैस सापडली होती, पण केशरआक्काला एवढ्यात घरी जायचं नव्हतं.'

हे वाक्य ऐकताच केशरबाईनं दाराकडं पाहिलं. सून आत होती. आवाज बारीक करून ती म्हणाली, "हे मी कवा म्हनले?"

"न्हाई म्हनलात. मला वाटलं. खोडू का?"

म्हातारी पदराचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पर तुला कसं कळलं गं?"

 शिवकांतानं दुकानात येऊन दोन्ही कागद नवऱ्यापुढं ठेवले. "अहो, कुणी न सांगितलेलं लिहिलं तर ते खोटं का?"

मन्मथप्पांनी दुसरा कागद वाचला, पुन्हा वाचला. "ही आक्काच हाय," ते म्हणाले. "पर हे मी न्हाई शिकवलं तुला. मी नुसती अक्षरं शिकवली."

शिवकांता हसली. तेवढ्यात बायनाबाई मीठ न्यायला आली. गावातली ही सुईण कधी घाईत नसे. आज मात्र ती उंबऱ्यावरच उभी राहून सारखी मागं बघत होती.

"बसा की बायनाबाई," पुडीचा कोरा कागद सरळ करत शिवकांता म्हणाली, "कुठून आलात?"