घडी नको, गुरू

“घडी नको, गुरू,” असं तो मला निदान हजार वेळा म्हणाला असेल, तेही मान वर न करता.

मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात आम्ही दोघे चित्रकार होतो. हाडं, स्नायू, मेंदू यांचे भिंतीवर टांगायचे तक्ते काढणं हे आमचं काम. दोघेही काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत वाढलेले, एकाच सायकलवरून कामाला जाणारे. मला नेहमी घाई. मेंदू काढायचा तर मी ट्रेसिंग कागदावर एकच अर्धा काढायचो, मधोमध घडी घालायचो आणि घासून दुसरा अर्धा उमटवायचो. कागद मोडल्याचा आवाज झाला की पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं. “घडी नको, गुरू. दोन अर्धे सेम नसतात. उजवा पुढून जरा बाहेर येतो, डावा मागून. देख तर एकदा.”

तो डावखुरा. वडील पंचगंगा घाटावर क्रियाकर्म चालवणारे. लहानपणी जेवायला बसला की ते त्याचा डावा हात उपरण्याने बांधून ठेवत. त्यामुळे जेवणं, लिहिणं, तीर्थ घेणं सगळं उजव्या हाताने. चित्र मात्र डाव्याने. “शास्त्रात चित्राचा हात सांगितलेलाच नाही, म्हणून बाबांनी सोडून दिलं,” असं तो हसत सांगायचा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याचा हात चालताना बघत राहावं आणि आतून जळावं. मी जळायचो. त्याची रेघ एकदाच पडायची आणि तिथेच पडायची. त्याचं खोडरबर महिनोन्‌महिने नवं दिसायचं. माझं आठवड्यात संपायचं.

याचा मेंदूच उलटा असणार, त्याला आपण काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. एकदा विभागप्रमुख डॉक्टरसाहेबांना विचारलंही. ते म्हणाले, “डाव्या हाताला मेंदूचा उजवा अर्धा चालवतो, हे खरं. पण म्हणून सगळंच उलटं होत नाही. बहुतेक डावखुऱ्यांचं बोलणं तुमच्याआमच्यासारखं डावीकडेच असतं. थोड्यांचं उजवीकडे, नाहीतर दोन्हीकडे.” मला त्यातलं ‘थोड्यांचं’ तेवढं ऐकू आलं.

मग नव्या व्याख्यानगृहासाठी मेंदूचा मोठा तक्ता हवा झाला. ज्याचा तक्ता लागेल तो मुख्य चित्रकार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो खरा मेंदू समोर ठेवून मोजमापं घेत बसला. मी दोन दिवसांत मोकळा झालो, घडी घालून. तक्ता रांगोळीसारखा देखणा झाला. साहेब बाहेरगावी होते, उद्घाटन तोंडावर आलेलं, त्यामुळे कार्यालयाने तोच टांगला. साहेब परतले तेव्हा तक्ता उंचावर होता आणि त्यांचा चष्मा जवळचा.

तो तक्त्यासमोर बराच वेळ उभा राहिला. एक शब्द बोलला असता तर तक्ता उतरला असता. तो म्हणाला, “रंग छान लावलेस, गुरू.” जागा मला मिळाली. त्याच्या त्या गप्प राहण्याचाही मला हेवाच वाटला.

काही वर्षांनी अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. म्हणजे मार मेंदूच्या डाव्या अर्ध्याला बसला होता आणि त्याचं बोलणं तिथेच होतं, माझ्यासारखं. उलटं काहीच नव्हतं. तो हात नुसता त्याचा होता. हे कळल्यावर वाईट वाटायच्या आधी मला त्याचा राग आला, हे खोटं कशाला सांगू.

जिभेवर एकच शब्द उरला होता. पाणी हवं, तरी ‘घडी’. खिडकी उघडायची, तरी ‘घडी’. आमच्या काशीच्या मराठी घरांतून घड्याळालाही घडीच म्हणतात. वहिनींनी उशाशी चावीचं घड्याळ आणून ठेवलं होतं.

“सारखा टाइम पुसतात,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही आलात की जास्तच. भावजी, सांगा ना यांना किती वाजले.”

“सव्वापाच,” मी त्याला म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर मधोमध एक रेघ ओढली आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन अर्धे काढले. उजवा पुढून जरा बाहेर, डावा मागून. चादरीवर त्या रेघांच्या चुण्या उमटल्या. मी उठून चादर सारखी केली.

तो गेल्यावर, तेरावा झाला त्या दिवशी, वहिनींनी ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं. “यातच जीव अडकला होता यांचा. तुमच्याकडेच राहू दे.”

रोज सकाळी मी त्याला चावी देतो. तक्ता अजून भिंतीवर आहे. मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर वहिनी भेटतात तेव्हा विचारतात, “घडी ठीक चालते ना, भावजी?”

“ठीक चालते,” मी म्हणतो.