वरचा प्रश्न

शाळेची बस चालवून निवृत्त झालेली व्हर्नेल बिब्स वर्षभर टॅलो बेंडमध्ये दारोदार फिरली. मिसिसिपीच्या राज्यघटनेत प्रत्येक मुलाला चांगल्या शिक्षणाचा हक्क लिहावा, ही मागणी मतदानाला यावी म्हणून तिने सह्या गोळा केल्या. तिच्या नातीच्या, किआंड्राच्या वर्गाला दोन वर्षं गणिताचा शिक्षक नव्हता. तात्पुरता आलेला माणूस तासाला सिनेमे लावायचा. पोरगी हुशार, आणि तिची वर्षं अशी वाया चाललेली.

मागणी मतपत्रिकेवर आली. पण विधिमंडळातल्या शहाण्यांनी शेजारी दिसायला तशीच, आतून पोकळ अशी स्वतःची मागणी आणून बसवली, आणि प्रश्न दोन केले. वर विचारलं, यातली एखादी मंजूर, की दोन्ही नामंजूर? खाली विचारलं, कुठली हवी? वर बहुमत मिळालं नाही तर खालची सगळी मेहनत मातीत. नकली मागणीचा व्हर्नेलने इतका धसका घेतला, की ती ज्याला त्याला एकच घोकवत राहिली: "खाली आपली पहिली, दुसरी नाही." वरचं सांगायची, पण जाता जाता.

मतदानाच्या दिवशी ती नेहमीसारखी मतदान केंद्राची कर्मचारी म्हणून चर्चच्या सभागृहात टेबलाशी बसली. मत कसं द्यावं हे कुणाला सांगणार नाही, अशी शपथ घेऊन. दुपारी तिची थोरली बहीण अर्लीन काठी टेकत आली.

"खालचं पाठ आहे माझं. वर काय करू गं?"

"वाचून दाखवते. तेवढंच करता येतं मला."

व्हर्नेलने वाचलं. वकिली वाक्य, लांबच लांब.

"ओ की ठो कळलं नाही. सरळ सांग ना, 'मंजूर' भरू की कोरं ठेवू?"

शेजारच्या खुर्चीवरचे केंद्राचे दुसरे कर्मचारी टेट कागद चाळत होते, कान मात्र इकडे. "भर" एवढाच शब्द व्हर्नेलला सांगायचा होता. तिने मतपत्रिका बहिणीपुढे सरकवली.

"तुला वाटेल तसं कर," ती म्हणाली.

"वर्षभर बाईचं तोंड बंद नव्हतं, आणि आज मौनव्रत!" रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. अर्लीनही हसली, पण ओशाळून. "चुकीचं भरण्यापेक्षा कोरं बरं," असं पुटपुटत ती मत द्यायच्या आडोशाला गेली. तिच्यासारख्या किती जणी गेल्या, व्हर्नेल नुसती बघत राहिली.

वरच्या प्रश्नावर बहुमत हुकलं आणि मागणी पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हर्नेल बहिणीकडे गेली. अर्लीनने मक्याचा पाव पुढे केला आणि विचारलं, "मी वर कोरं ठेवलं, म्हणून गेलं का?"

"छे गं. तुझ्या एकटीने काय होतंय?"

अर्लीनने पावाचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "कापूस वेचायला मला तिसरीतून काढलं नसतं, तर ते वाक्य मीच वाचलं असतं, तुला विचारलंच नसतं."

व्हर्नेलने हातातला घास खाली ठेवला.