दाजींनी ठरवलेलं चेनव्हील

चेनच्या तेलाचा वास आला की औंढ्याजवळचा तो चढ आठवतो. माळावरच्या सायकल शर्यतीत मी होतो आणि ताईचा नवरा, आमचे दाजी, पण होते. मला चेनव्हील, म्हणजे पॅडलजवळचं दात्यांचं चाक, लहान हवं होतं, कारण काळी माती चाकाला चिकटली की सायकल ओढवत नाही, आणि ते लहान असलं की पॅडल हलकं पडतं. दाजी हसले, "लहान चेनव्हील बायकांचं. मोठंच बसव." वडील म्हणाले, "जावई म्हणतात ते बराबर. त्यांचा शब्द मोडायचा न्हाई." मोठंच बसवलं. चढावर पॅडल हलेना. उभं राहून जोर लावला तर गुडघा कटकन वाजला आणि मी चिखलात आडवा झालो. मागून दाजी आले, आरामात पाय फिरवत. त्यांच्या सायकलला चेनव्हील लहान होतं. "काहून रे, दमला का?" म्हणत ते पुढं गेले. शर्यत बघायला आलेली ताई धावत आली. ओढणीनं गुडघा बांधताना हळूच म्हणाली, "माहेरी आले की मी काहून रडते, कळलं आता?" संध्याकाळी वडिलांनी जिंकलेल्या जावयाला टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि ताईला त्याच्यामागं गाडीवर बसवून दिलं. ती सायकल मी पुढच्याच आठवड्यात मोडीत घातली. ताई अजून नांदून राहिली.