मावशींच्या दारात पोलीस

आमच्या सोसायटीत आजवर चोरीला गेलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे तळमजल्यावरची कढीपत्त्याची कुंडी. ती चौथ्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या गॅलरीत सापडली. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये याच सेक्रेटरींनी ठराव मांडला, की यापुढे घरकामाला येणाऱ्या प्रत्येक बाईची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायलाच हवी, नाहीतर वॉचमन तिला आत सोडणार नाही. टाळ्या पडल्या. आम्हा फ्लॅटवाल्यांचं चारित्र्य मात्र कुणी कधी तपासलं नव्हतं. घर घेताना बँकेने पगार विचारला, तेवढ्यावर आम्ही सभ्य ठरलो.

मला नेमकी तेव्हाच मुलीला सांभाळायला बाई हवी होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या माझ्या ऑफिसातून तब्येतीची चौकशी जरा जास्तच प्रेमाने होऊ लागली होती. मुलगी कुणाच्याच मांडीवर टिकत नव्हती. सासूबाई गुडघ्यांच्या नावाने सुटल्या होत्या. नवऱ्याने मुलीला उचललं रे उचललं की त्याला महत्त्वाचा फोन यायचा, आणि त्यावरून आमची जी जुंपायची ती खालच्या मजल्यावर आरामात ऐकू जायची.

अशात या मावशी आल्या. मूळच्या कर्नाटक सीमेलगतच्या मैंदर्गीच्या, आता सोलापुरातच एका गल्लीत लेकीबरोबर राहणाऱ्या. त्यांनी मुलीला पायांवर पालथं घातलं, कानडीत काहीतरी गुणगुणल्या, आणि ती चक्क झोपली. मला रडू यायचं बाकी होतं. सासूबाईंनी आपल्या पद्धतीची पडताळणी करून घेतली: माहेर कुठलं, सासर कुठलं, आधी कुणाकडे होतात. त्यात अक्कलकोटच्या मामेबहिणीची ओळख निघाली आणि विषय मिटला. राहिली सोसायटी. तिने दाखला येईपर्यंत अर्जाच्या पावतीवर आत सोडायची सूट दिली.

अर्जावर सही करताना मावशी म्हणाल्या, "म्या काय चोरी केलीया का?"

"नाही हो मावशी. सोसायटीचा नियम आहे."

"मग नियम करनाऱ्यास्नी बी लागू असंल की."

"त्यांना नाही."

"बरं हाय की मग," म्हणून त्या मुलीचे लंगोट वाळत घालायला गेल्या.

दाखला आला. मावशींवर एकही गुन्हा नव्हता. सेक्रेटरींनी त्याची एक प्रत फाइलला लावली, समाधानाने फाइलवर हात फिरवला, आणि मी कामावर रुजू झाले. त्याच आठवड्यात एक दिवस मावशी आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या तोंड पाडूनच.

झालं होतं ते असं. दाखला देण्याआधी पोलीस त्यांच्या गल्लीत चौकशीला गेला होता. मावशी तेव्हा आमच्याकडे. मग त्याने शेजारीपाजारी विचारलं, बाई कशी आहे, काही भानगड वगैरे. गल्लीला विषय मिळाला. आणि मावशींच्या लेकीला नुकतंच एक स्थळ सांगून आलं होतं. आपल्याकडे मुलीची खरी चौकशी तिच्या घरी होत नाही, समोरच्या घरात आणि किराणा दुकानात होते. मुलाचा मामा रीतीप्रमाणे दुकानात गेला, तर दुकानदाराने सांगितलं, परवाच पोलीस येऊन गेले. मामा चहा न घेताच परत गेला.

"पोलीस दारात आला की कशाला आला ते कोन इचारतंय, ताई?" मावशी म्हणाल्या. "पोरगी दोन दिस जेवली न्हाय. हे मोडलं तर तिला घेऊन गावाकडंच जानार म्या."

मला त्यांच्या लेकीचं वाईट वाटलं आणि माझ्या ऑफिसचं जास्त वाटलं, हे सांगून टाकते. मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, ठराव तुमचा, तुम्हीच येऊन त्या लोकांना दोन शब्द सांगा. ते म्हणाले, "सोसायटी कुणाच्या खासगी बाबीत पडत नाही." ते बोलत होते तिथेच मागे कढीपत्ता छान फोफावला होता. कुंडी अजून खाली उतरली नव्हती.

मावशींनी निरोपावर निरोप धाडून मामाला रविवारी पुन्हा बोलावलं. मीही गेले, दाखला घेऊन. मामा सतरंजीवर बसला होता. त्याने कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मी मग भाषणच केलं. मावशी किती प्रामाणिक, किती मायाळू, पोलीस आला तो आमच्या मूर्ख नियमामुळे आला, वगैरे. मामाने सगळं ऐकून घेतलं, मावशींकडे वळून विचारलं, "इवरु यारू?" म्हणजे या कोण, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी यांची हमी घेताय, चांगलं हाय. पन तुमची कोन घेनार? शेजारी कोन हायत तुमच्या? फोन लावून इचारतो."

मी आठवू लागले. शेजारणीशी माझं बोलणं पार्किंगच्या भांडणापुरतं. खालच्यांना आमच्याबद्दल बरंच ठाऊक होतं, पण ते इथे सांगण्यासारखं नव्हतं. उरले सेक्रेटरी.

"माझ्या ऑफिसात विचारा," मी म्हटलं.

"हापिसात पगार ठाव असतो, ताई."

आतल्या दाराशी लेक पदर मुठीत धरून उभी होती. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "म्या सांगते की. म्या रोज त्यांच्या घरात असते. चांगली मानसं हायत. गोडीनं ऱ्हात्यात, घरातनं कधी मोठा आवाज न्हाय."

मामाने मान डोलावली. असं घरातलं माणूस सांगतंय म्हटल्यावर बरोबर आहे, म्हणाला, आणि माझा शब्द त्याला पटला. चहा आला, आणि या खेपेला त्याने तो घेतला.

मावशी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. मी स्कूटर सुरू करत होते, तर हँडलवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "लेकीसाठी खोटं बोलले म्या, ताई. देवाला ठाव हाय. आता घरी गेल्यावर जरा हळू भांडत जावा."